बाईची नोकरी आणि संशोधनाची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी इंदिरानगर, नाशिक येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणीतला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण पाळी उतरल्यावर वाचनालयात झालं. ‘बायकांच्या नोकरीतल्या प्रगतीवर संशोधन कुठवर आलं’ यावर बोला, असं मंडळाने सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. मग वाचायला बसलो आणि हसू मावळलं.

१९७१ साली केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. स्वातंत्र्यानंतर रोजगारात बाईची जागा वाढायच्या ऐवजी घटली, हे १९७४ च्या तिच्या अहवालाने दाखवून दिले. त्याच साली नीरा देसाई यांनी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे केले. राधा कुमार यांनी १९१९ ते १९३९ या काळातल्या मुंबईच्या गिरणी-बायकांचा अभ्यास केला. म्हणजे आमच्या रिलिंग-वायंडिंगच्या खात्यातली बाई तेव्हा कुठे कागदावर आली.

परदेशातही तेच. अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दोनशे वर्षांच्या नोंदी चाळल्या. शिक्षण सारखं, काम सारखं, तरी पहिलं मूल झालं की बाईचा पगार मागे पडतो, असं त्यांना दिसलं. २०२३ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या बाबासाहेबांनी तर १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू घेतली होती! २०१७ साली ती रजा २६ आठवड्यांची झाली. पण धुणीभांडी करणारीला ती देणार कोण?

इथेच संशोधन तोकडं पडतं. पुष्कळसा अभ्यास बढतीची शिडी असलेल्या नोकरीचा आहे. सातपूर-अंबडला कंत्राटावर जाणाऱ्या आमच्या भगिनीच्या शिडीला दुसरी पायरीच नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथासाठी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन बोलतं केलं. शैलजा पाईक यांनी २०१४ च्या ग्रंथात दलित स्त्रियांच्या शिक्षणावर जातीचा आणि बाईपणाचा दुहेरी भार दाखवला. तो मार्ग आपला.

आता घरचं सांगतो. आमच्या मंडळी एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. थोरली झाली आणि आम्हीच म्हणालो, ‘आता पुरे.’ कुणी जबरदस्ती केली नव्हती, आम्ही केली. पाच वर्षांनी त्या परत गेल्या त्या नवख्या म्हणून, कंत्राटावर. त्या पाच वर्षांत कुणी पाहणीला आलं असतं, तर आम्ही ‘घरकाम’ एवढंच लिहून दिलं असतं. वर समतेवर भाषणं देत होतो!

म्हणून एक मागणं आहे. विहारात एक वही ठेवू. वस्तीतली प्रत्येक बाई कामाला कधी लागली, कधी सुटली, कुणामुळे सुटली, परत किती पगारावर लागली, ते तिनेच लिहायचं किंवा सांगून लिहून घ्यायचं. उद्या आपलीच एखादी लेक संशोधन करील, तेव्हा तिला ही वही लागेल.

पहिलं पान आमच्या घराचं. मंडळी सांगतील, आम्ही लिहू. मध्ये बोलणार नाही.

जयभीम!