स्कॅनमधला डाग

थायरॉइडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं की जळगाव-धुळ्याकडचे काही रुग्ण आयोडीन स्कॅनसाठी मुंबई गाठतात. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून हे काम करतंय. स्कॅनआधी साधारण दोन आठवडे भरीत-भाकरीतसुद्धा आयोडीन नसलेलं मीठ वापरायचं. मग किरणोत्सारी आयोडीनचा डोस. थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी हे आयोडीन ओढून घेतात आणि कॅमेऱ्यात तिथे डाग उमटतो.

पण आयोडीन फक्त थायरॉइडच घेते असं नाही. लाळग्रंथी, जठर, आतडी, मूत्राशय यांतही ते दिसतं. शिवाय ते लाळेतून, घामातून, लघवीतून बाहेर पडतं. समजा, रुग्णाने तोंड पुसलेला रुमाल खिशात आहे. डाग नेमका कमरेपाशी दिसेल, जणू रोग हाडातच पोचलाय! रुमाल काढला, कपडे बदलले, त्वचा धुतली की डाग गायब. अन्ननलिकेत लाळ साचली तर छातीत डाग दिसतो. अशा वेळी पाणी पाजून पुन्हा चित्र घेतात. अलीकडे बाळाला अंगावर पाजलं असेल तर स्तनांतही आयोडीन जमतं. ही गोष्ट काही बायका संकोचाने सांगत नाहीत, ती आधीच सांगावी.

नुसत्या डागावरून निदान करत नाहीत. स्पेक्ट-सीटी या त्रिमितीय स्कॅनने त्याची नेमकी जागा कळते आणि थायरॉइडच्या पेशी बनवतात त्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाच्या रक्तातल्या पातळीशी तो ताडून पाहतात. म्हणून रिपोर्ट हातात पडताच घरी रडारड करण्याआधी डॉक्टरांना विचारा: हा डाग दुसऱ्या कशाचा असू शकतो का?