वेदनाशामक अफूजन्य औषधे : भीती आणि सावधगिरी

(निरगुडसर येथील व्याख्यान)



जुन्नर-आंबेगाव परिसरातील रुग्णाला कर्करोग झाला की उपचारांसाठी बहुधा पुणे अथवा मुंबई गाठावी लागते. उपचार आटोपून तो निरगुडसरसारख्या आपल्या गावी परततो, तेव्हा सोबतच्या पिशवीत कधी मॉर्फीनच्या गोळ्या असतात. ‘ही अफूची गोळी’ असे कानी पडताच घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, देऊच नका, व्यसन लागेल. दुसरा म्हणतो, कळ आली की वाटेल तेवढी द्या. दोघांचेही रुग्णावर प्रेम असते आणि दोघेही नकळत त्याचे हाल वाढवितात.

मॉर्फीन व कोडीन ही अफूतील द्रव्ये होत. ट्रामाडोल व फेन्टानिल प्रयोगशाळेत तयार होतात. ही सर्व औषधे मेंदू व मज्जारज्जूतील वेदनेचे संदेश रोखतात. मात्र ज्या ग्राहींवर ती कार्य करतात, ते आतड्यांत आणि श्वसनाच्या केंद्रातही असतात. गुण आणि दुष्परिणाम यांचे मूळ असे एकच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषध देण्याची पद्धत घालून दिली. त्याच वर्षी मुंबईत ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे परिहारक सेवा केंद्र आहे. अशा सेवेत औषध घड्याळाप्रमाणे व मोजून दिले जाते आणि दुष्परिणामांची तजवीज आधीच केली जाते.

हे दुष्परिणाम तीन प्रकारचे समजावेत.

पहिला प्रकार येऊन जाणारा. मळमळ, उलटी व गुंगी प्रारंभीचे काही दिवस जाणवतात आणि बहुधा ओसरतात. तेवढ्यावरून औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. वृद्धांचा तोल जाण्याची व मनाचा गोंधळ होण्याची शक्यता असते, म्हणून रात्री सोबत असावी.

दुसरा प्रकार ठाण मांडणारा, म्हणजे मलावरोध. शरीराला त्याची सवय होत नाही. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. घरातील इसबगोल येथे उपयोगी पडेलच असे नाही; पाणी कमी पडल्यास तो मंदावलेल्या आतड्यांत अडकू शकतो. चौविहार किंवा पर्युषणातील उपवास करणाऱ्या रुग्णाने आपला नेम डॉक्टरांना आवर्जून सांगावा. बारा तास पुरणारी गोळी किंवा तीन दिवस चालणारी त्वचेवरील पट्टी, असे पर्याय त्यांना विचारात घेता येतात. मात्र दीर्घकाळ चालणारी गोळी कुटून देऊ नये आणि पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. दोन्हींमुळे औषध एकदम रक्तात उतरते.

तिसरा प्रकार प्राणघातक, म्हणजे श्वास मंदावणे. योग्य मात्रेत तो क्वचित घडतो. मात्रा वाढविणे, झोपेची गोळी वा मद्य जोडीला घेणे, मूत्रपिंड दुबळे असणे किंवा दुसऱ्याची गोळी घेणे, यांतून धोका उद्भवतो. हाका मारूनही रुग्ण जागा होत नसेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. नॅलोक्झोन हा यावरील उतारा आहे.

कंबर-गुडघेदुखीसाठी ट्रामाडोल घेणाऱ्यांनी विशेष जपावे. त्याने आकडी येऊ शकते. नैराश्यावरील काही औषधांसोबत धोका वाढतो. केंद्र शासनाने २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत आणले. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने ते घेत राहणे योग्य नव्हे. अमेरिकेत १९९६ नंतर ऑक्सिकोडोनच्या गोळ्या अशा दीर्घकालीन दुखण्यांसाठी सढळ हाताने दिल्या गेल्या आणि असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली.

तथापि शरीराला औषधाची सवय होणे आणि व्यसन जडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही आठवडे घेतलेले औषध एकाएकी थांबविल्यास घाम, जुलाब व तगमग होते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवितात. व्यसनात मात्र अपाय दिसत असूनही मन औषधाच्याच मागे धावते. पहिल्या भीतीपोटी कर्करोगाच्या रुग्णाला तळमळत ठेवणे हा अन्याय होय.

घरातील एकाच व्यक्तीने औषध सांभाळावे, दिलेल्या प्रत्येक गोळीची वेळ वहीत लिहावी आणि डबा कुलपात ठेवावा. रुग्णाच्या पश्चात उरलेल्या गोळ्या ‘कुणाला उपयोगी पडतील’ म्हणून वाटू नयेत.

वेदना समभावाने सोसण्याचा निर्णय एखादा साधक स्वतः घेईल. तो त्याचा अधिकार आहे. पण घरच्यांच्या अज्ञानामुळे कुणावरही ती सोसण्याची वेळ येऊ नये, एवढीच नम्र विनंती.