पाळीचा हिशेब कुठून धरायचा?

(पावस येथे झालेल्या गटांच्या मासिक सभेत एका आशाताईंनी केलेलं बोलणं, थोडं आवरून.)

अध्यक्षताई, सगळ्या गटांच्या सचिव, आणि मागे दाराजवळ उभ्या राहिलेल्या सुनांनो, आधी आत येऊन बसा. आजचा विषय तुमचाच आहे.

कर्जाचा हप्ता कधी, दुधाचे किती खाडे झाले, सिलिंडर कधी लावला, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. पण घरभेटीत मी विचारते, "शेवटची पाळी कधी आली गो?" तर उत्तर येतं, "झाले की पंधरा-वीस दिवस." मूल हवं असेल तर हे पंधरा-वीस चालत नाही.

कारण सांगते. महिन्याला साधारण एकच बीज सुटतं आणि ते जगतं जेमतेम बारा ते चोवीस तास. पुरुषबीज मात्र बाईच्या अंगात चार-पाच दिवस टिकू शकतं. म्हणून बीज सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस कामाचे. अमेरिकेत २२१ बायकांच्या रोजच्या लघवीच्या तपासण्या करून १९९५ साली एक अभ्यास छापला गेला, त्यातही हेच सहा दिवस निघाले. बीज सुटून गेल्यावर त्या महिन्याचं दार बंद.

आता हे सहा दिवस ओळखायचे कसे? "चौदाव्या दिवशी" असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं. जपानात ओगिनो नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली दाखवलं, की चौदा दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी येणारीचं बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटेल, पण पस्तीस दिवसांनी येणारीचं एकविसाव्याला आणि चोवीस दिवसांनी येणारीचं दहाव्याला. गंमत बघा, याच हिशेबाचा उपयोग पुढे जगभर मूल टाळायला झाला.

दुसरी चूक आपल्या घराघरात होते. पहिला दिवस म्हणजे रक्त दिसलं तो दिवस. आपण धरतो न्हाणं झालं तो. समजा सव्वीस दिवसांची पाळी आहे आणि पाचव्या दिवशी न्हालात. तिथून चौदा मोजलेत तर खरा अठरावा दिवस येतो. बीज बाराव्याच्या सुमारास सुटून गेलेलं. किती महिने असे फुकट जातात, आणि देवाला नारळ मात्र वाढत जातात.

पाळी रोज घड्याळासारखी येत नाही, म्हणून निदान सहा महिने कालनिर्णयावर खूण करा. सगळ्यात लहान महिन्यातून अठरा वजा करा, सगळ्यात मोठ्यातून अकरा. लहान सत्तावीस आणि मोठा एकतीस असेल, तर नववा ते विसावा दिवस. त्या दिवसांत दिवसाआड एकत्र आलात तरी पुरे.

आणि अंगच सांगतं. पाळी गेल्यावर काही दिवस कोरडं, मग चिकट, आणि मग पांढरं पाणी पातळ, स्वच्छ, बुळबुळीत होतं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. अंडं न खाणाऱ्यांनी भेंडी आठवावी. दोन बोटांत धरून ताणलं की पाकासारखी तार येते. ते दिवस सगळ्यात चांगले. खाज, घाण वास, हिरवट-पिवळा रंग असेल तर ते हे नव्हे, दवाखान्यात दाखवा. केमिस्टकडे लघवीचं किट मिळतं, ते बीज सुटायच्या साधारण एक-दीड दिवस आधी कळवतं. पण दर महिन्याला ते घेणं सगळ्यांना परवडणार नाही. सकाळी उठायच्या आधी ताप मोजायचीही एक पद्धत आहे, पण ताप थोडा चढतो तो बीज सुटल्यावर. ते कळेपर्यंत गाडी गेलेली असते.

हसू नका. याच कोकणातल्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात हे उघड लिहीत होते. त्यांच्यावर खटले झाले. आपल्याला निदान खटल्याची भीती नाही.

आता आपल्या भागातलं खरं दुखणं. नवरा मुंबईला, नाहीतर बोटीवर. येणार गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात आठ दिवस. गणपतीत पाळीची तारीख आली की आपण काय करतो? पुढे ढकलायच्या गोळ्या. म्हणजे बघा, बीज आधीच सुटून गेलंय, गोळीने पाळी अडवून धरलीय, आणि पुढचं बीज पाळी येऊन गेल्याशिवाय तयार होणार नाही. नवरा नेमका त्याच दिवसांत घरी. दिवस जायचे कसे? शिवाय पुढचा सगळा हिशेबही हलतो. दिवस गेल्याची शंका असेल तर त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

मी चार गणपती असेच घालवले. आमचे हे मुंबईत सहा जणांच्या खोलीत राहायचे. लग्नाला चार वर्षं झालेली, पण एकत्र राहिलेले दिवस मोजले असते तर शंभरही भरले नसते. सासूबाईंचे नवस चालू. शेजारच्या दोहाळजेवणात मला ओटीच्या ताटाजवळ येऊ दिलं नाही. शेवटी रत्नागिरीच्या एका डॉक्टरबाईंनी तपासायच्या आधीच विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" आणि कॅलेंडर माझ्यापुढे ठेवलं. मग मी दर महिन्याला दुकानातल्या फोनवरून ह्यांना सांगायचे, "पेटी अमुक तारखेला तयार आहे, या." भर पावसाळ्यात कसली आंब्याची पेटी, म्हणून दुकानदार हसायचा. हे रजा काढून, पगार कापून तीन दिवस यायचे. सहाव्या महिन्यात राहिलं. ती मुलगी आज नर्सिंगला आहे.

पण सगळ्यांचं असं होत नाही, तेही ऐका. आपल्याच एका गटातल्या बाईने दीड वर्ष वही चोख ठेवली. काही झालं नाही. नवरा तपासायला तयार नव्हता, आणि वांझ म्हणून बोलणी खाल्ली तिने. शेवटी तपासलं तर बीज त्याचं कमी निघालं. पुरुषाची तपासणी सगळ्यात सोपी असते. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून वीर्याचा नमुना द्यायचा, ना सुई ना टाका. बाईची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी सुरू होते त्याच वेळी तीही व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं, की जगात सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. त्यात बायका आहेत तसे पुरुषही.

एक वर्ष प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांनी जायचं. वय पस्तिसाच्या वर असेल तर सहा महिन्यांतच. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, किंवा कोणाला पूर्वी टीबी झाला असेल, तर थांबूच नका. टीबीने नळ्या बंद होतात आणि पाळीत काहीच कळत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवंय असं ठरवलं तेव्हापासूनच घ्यायची. मशेरी सोडा. त्यांची तंबाखूही.

पुढच्या सभेला येताना गटाच्या वहीबरोबर घरचं कालनिर्णय आणा. खुणा केलेल्या असू देत. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नसेल त्यांनी सभेच्या आधी अर्धा तास या, मी ओट्यावर बसलेली असेन.