माझ्या कपाळावरचे बेट

वंदनीय गुरुजन आणि १९९२च्या दहावी ‘ब’च्या मित्रमैत्रिणींनो,

मघाशी दारात तिघांनी मला ओळखले नाही. चौथ्याने ओळखले, ते कपाळावरच्या केसांच्या पट्ट्याकडे बघून हसत. तर त्या पट्ट्याविषयीच बोलतो, म्हणजे जेवणाच्या पंगतीत कुजबुज नको.

२००२ साली, सव्विसाव्या वर्षी, मी लग्नाच्या बाजारात उभा होतो. दोन ठिकाणांहून नकार आला. कारण कोणी सांगितले नाही, मी आरशाला विचारले. जाहिरात बघून एका ठिकाणी गेलो. डोक्याच्या मागून कातडीची पट्टी कापली, त्यातली केसांची मुळे सुटी करून पुढे रोवली. तिसऱ्या आठवड्यात रोवलेले केस गळले आणि मी चक्क रडलो. ते गळतातच, मुळे आत राहतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवतात, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. वर्षभरात उगवले. लग्नही झाले. (होकार केसांना नव्हता, असे समोर बसलेली बायको म्हणते.)

गणित पुढे चुकले. डोक्याच्या मागच्या केसांवर टक्कल पाडणाऱ्या हार्मोनचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून ते पुढे लावले तरी टिकतात. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९मध्ये हेच मांडले होते. पण आजूबाजूच्या मूळच्या केसांना हा नियम लागू नाही! चाळिशीपर्यंत ते गेले, रोवलेले राहिले. तेच हे बेट. भरायला गेलो, तर नवे डॉक्टर म्हणाले, मागे पुरेसे केसच उरलेले नाहीत. पहिल्या खेपेला बरीच मुळे वाया गेली असणार. मागचा व्रण दिसतो म्हणून केस बारीकही कापता येत नाहीत.

हे सांगतोय, कारण तुमची मुले आता विशीत आहेत आणि यंदा तिघांनी मला फोन केला. तिघांनाही म्हटले, आधी वडिलांचे आणि मामांचे डोके बघ. मग त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, औषधाने गळती आवरते का पाहा. आणि हत्यार कोणाच्या हातात असणार, हे तोंडावर विचार. नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूब बघणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२मध्ये लिहावे लागले, यावरून काय ते समजा. दोघे थांबले. तिसऱ्याने फोन ठेवला. तो कोणाचा मुलगा, ते सांगत नाही.

आता ग्रुप फोटो आहे. फोटोवाला गच्चीवर चढलाय म्हणे. चढू दे, मी टोपी घालणार नाही.