सह्याद्रीच्या पोटातली वीज

वीज म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धरण येते, चिमणी येते, हल्ली पवनचक्कीही येते. दगड मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. माझी नोकरी त्या दगडातच गेली.

सूर्य मावळला की सौरवीज थांबते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. मग दुपारची शिल्लक वीज ठेवायची कुठे? त्यावर एक जुनी युक्ती आहे. डोंगरावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे, गरजेच्या वेळी खाली सोडायचे. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. तोटा खरा, पण संध्याकाळच्या विजेचे मोल वेगळे. घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. वरचा तलाव अकोले तालुक्यात, खालचा शहापूर तालुक्यात आणि वीजघर जमिनीखाली, खडकात कोरलेले.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. काळा पाषाण कणखर, त्याची काळजी नसते. पण दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. एकदा बोअरमधून निघालेला असा तांबडा तुकडा मी पाण्याच्या पेल्यात टाकला. कोरडा असताना चांगला टणक होता. माझा चहा संपेपर्यंत पेल्यात नुसता चिखल उरला! हाच पट्टा वीजघराच्या छतात निघाला तर? आधी कळले तर वीजघर थोडे वरखाली सरकवता येते. उशिरा कळले तर खडकात लोखंडी बोल्ट ठोकायचे, ओलावा लागण्याआधी काँक्रीटचा फवारा मारायचा. मग वेळ जातो, पैसा जातो, आणि खाली काम करणाऱ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार राहते ती वेगळीच.

हे आधी कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बोअर. एकूण खर्चात त्यांचा वाटा किरकोळ, तरी कात्री प्रथम तिथेच लागते. एका प्रकल्पात मी वीस बोअर मागितले, मंजूर झाले आठ. "दगड सगळीकडे सारखाच," असे उत्तर मिळाले.

आता सह्याद्रीत अशा अनेक नव्या प्रकल्पांची आखणी चालू आहे. त्यांचा अहवाल हाती आला की मी मेगावॉटचे पान उलटून पुढे जातो आणि आधी पाहतो, बोअर किती घेतले आणि किती खोल.