गुडघा वाजतो तेव्हा



कबड्डीत गडी झटकन वळतो, पाय जागीच रुततो, अंगाचा भार फिरतो आणि गुडघ्यातून 'कट्' असा आवाज येतो. कोणी म्हणतो, "शीर चढली," कोणी म्हणतो, "वाटी सरकली," आणि लगेच दोघे पाय ओढायला पुढे होतात. या आवाजाचा अर्थ काय, हे आज पाहू.

गुडघा वाजला म्हणजे बिघडलाच, असे नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा ताणला की त्यात वायूची पोकळी धरते आणि आवाज होतो. बोटे मोडताना हेच घडते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एमआरआय यंत्रावर ते प्रत्यक्ष टिपले. तेव्हा उठता-बसता गुडघा करकरतो, पण दुखत नाही, सुजत नाही, तर त्याची धास्ती नको.

मार लागल्यावरचा आवाज मात्र वेगळा. मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून बांधणारे दोन चिवट बंध फुलीसारखे असतात. त्यांतला पुढचा तुटला, तर पुष्कळदा त्याच क्षणी 'कट्' होते, आत रक्त साचते आणि काही तासांतच गुडघा फुगतो. पुढे सूज ओसरते, पण वळताना गुडघा दगा देतो. या हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्याही असतात. गादी फाटली, तर सूज सावकाश, बहुधा दुसऱ्या दिवशी येते. चालताना टकटक होते, कधी गुडघा अडकतो आणि सरळच होत नाही.

मग करावे काय? खेळ असो वा शेतकाम, तिथेच थांबावे. पाय उशीवर उंच ठेवावा. गार पाण्याची घडी पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, दिवसातून तीन-चार वेळा. पट्टी बांधावी, पण करकचून नको. पहिले दोन दिवस चोळणे, शेकणे आणि ओढणे टाळावे.

चार पावलेही टाकवत नाहीत, गुडघा काटकोनात वाकत नाही, वाटीवर दाबल्यास कळ येते, किंवा वय पंचावन्नपेक्षा कमी नाही, यांतले एकही असेल तर एक्स-रे काढून घ्यावा. पाऊल गार वा बधिर पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा. आणि ध्यानात ठेवा, एक्स-रेत हाड दिसते. बंध आणि गादी दिसत नाही. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी गुडघा अडकत वा डळमळत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

गुरुजी, सामना रंगात असतो, मूल म्हणते, "मला काही झालं नाही." तरी त्याला बाहेर बसवावे. डळमळत्या गुडघ्यावर पुन्हा पळाले, तर वाचलेली गादीही फाटते. सामना पुढल्या वर्षी पुन्हा येईल. गुडघा मात्र जन्मभर पुरवायचा आहे.