‘ब्रह्मचारी’ आणि कोल्हापूरचे हसू

(कोल्हापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

१९३८ साली याच करवीरनगरीत हंस पिक्चर्सने ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट काढला. कथा-संवाद आचार्य अत्र्यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे आणि नायक औदुंबरही तेच. विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी १९३६ मध्ये हंसची उभारणी केली, तेव्हा त्यांच्यापाशी भांडवलापेक्षा उमेदच अधिक होती. पहिला ‘छाया’ खांडेकरांच्या लेखणीतून उतरला, गंभीर आणि करुण. दोनच वर्षांत त्याच संस्थेने महाराष्ट्राला पोट धरून हसविले.

कथा सर्वश्रुत आहे. देशभक्त जटाशंकरांचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून औदुंबर भारावतो, भिंतीवरची नटींची चित्रे फेकून देतो आणि आचार्य चंडिरामांच्या आश्रमवजा संस्थेत दाखल होतो. तेथे किशोरी येते आणि प्रतिज्ञेचा बुरूज ढासळू लागतो. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावरून त्या काळी मोठा गदारोळ उठला. तो आक्षेप सर्वस्वी सोवळेपणाचा होता असे नाही. गल्ल्यावर डोळा त्यातही होताच. परंतु केवळ तेवढ्यावर कोणताही चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या टिकत नसतो.

खरा प्रश्न निराळा आहे, आणि या व्यासपीठावर तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या उपहासाचा रोख तेव्हा बाल्यावस्थेत असलेल्या संघाच्या शिस्तीवर होता, असे काही समीक्षक मानतात. आजन्म अविवाहित राहून राष्ट्रकार्य करणाऱ्या प्रचारकांच्या परंपरेला ज्यांनी जवळून पाहिले, त्यांनी या चित्रपटाला हसावे काय?

उत्तर कोल्हापूरच्या मातीतच सापडते. हे तालमींचे गाव. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले ते येथेच. तालमीतला पैलवान लंगोट कसतो तो जोर, बैठका, खुराक आणि समोरची कुस्ती यांसाठी. त्याच्या ब्रह्मचर्याला प्रयोजन असते. औदुंबराच्या ब्रह्मचर्यामागे केवळ एक व्याख्यान आहे! ऐकलेल्या शब्दांच्या नशेत घेतलेली, कार्याशी नाते नसलेली ही प्रतिज्ञा मोडताना पाहून प्रेक्षक हसतो. लंगोटाची किंमत रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या गावाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

ज्या समर्थांनी गावोगावी मारुती स्थापिले, त्यांच्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव येथील याच जिल्ह्यात आहेत. त्याच समर्थांनी दासबोधात मूर्खांची आणि त्याहून कठोरपणे पढतमूर्खांची लक्षणे सांगितली. स्वतः आजन्म ब्रह्मचारी असलेल्या संताला उपहासाचे वावडे नव्हते. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्याने ‘मत्तविलास’ प्रहसनात कापालिक आणि बौद्ध भिक्षू या दोघांचीही रेवडी उडविली; स्वतः राजा असून!

अर्थात एवढ्याने सुटका होत नाही. चंडिरामांची संस्था पाहताना काही फटके नेमके लागतात. आज्ञेचा पोकळ थाट आणि वाक्यांची घोकंपट्टी हे दोष कोणत्याही संघटनेत शिरू शकतात, व्रतस्थांच्या तर लवकर. ते विरोधकाने दाखविले म्हणून खोटे ठरत नाहीत. अत्रे पुढे हिंदुत्ववाद्यांवर अनेकदा अकारण तुटून पडले, हेही खरे. पण ‘ब्रह्मचारी’त तो विखार नाही. विनायकांचा औदुंबर दुष्ट नाही, ढोंगीही नाही. तो मनापासून प्रतिज्ञा करतो आणि मनापासूनच फसतो. त्याच्या गोंधळलेल्या चेहऱ्यावर राग धरणे कठीण.

या जोडीचा हा सूर पुढेही टिकला. १९३९ च्या ‘ब्रँडीची बाटली’त दारूशी ओळखही नसलेला भाबडा कारकून औषधापुरती ब्रँडी शोधत वणवण हिंडतो. तो बगाराम दामुअण्णा मालवणकरांनी असा काही रंगविला की दारूबंदीचे कट्टर समर्थकही त्याच्या मागे मागे फिरले.